फ्लेअर विरुद्ध स्टिंग, ग्रीन्सबरो १९८८: बरोबरीचा निकाल योग्य होता का?

तिसरी घंटा

प्रोफेशनल रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे "ते सगळं खोटं असतं" हा प्रतिसाद कृपया नको. निकाल कोणी ठरवला, का ठरवला आणि रिंगमधल्या दोघांनी तो लोकांच्या गळी कसा उतरवला, यावर बोलायला हा धागा आहे.

सामना असा: २७ मार्च १९८८, ग्रीन्सबरो कलिझियम, नॉर्थ कॅरोलायना. एनडब्ल्यूए या प्रादेशिक प्रवर्तकांच्या संघाचा जगज्जेता रिक फ्लेअर विरुद्ध स्टिंग. टीबीएस वाहिनीवर फुकट दाखवलेला 'क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स'चा हा पहिलाच कार्यक्रम. फ्लेअर तेव्हा ३९ वर्षांचा. १९७२ पासून रिंगमध्ये. १९७५ च्या विमान अपघातात पाठ मोडली, तरी परत उभा राहिलेला माणूस. स्टिंग आठवड्यापूर्वीच २९ चा झाला होता. मूळचा शरीरसौष्ठववाला, १९८५ मध्ये या धंद्यात आला, म्हणजे अजून तीन वर्षंही झाली नव्हती.

४५ मिनिटांची मुदत होती. घंटा वाजली तेव्हा फ्लेअर स्टिंगच्या स्कॉर्पियन डेथलॉक या पायांच्या पेचात अडकलेला. मग पंचांचा कौल आला: एक मत फ्लेअरला, एक स्टिंगला, एक बरोबरीला. जगज्जेतेपदाचा पट्टा फ्लेअरकडेच राहिला.

माझं मत स्पष्ट सांगतो. बरोबरी हाच त्या रात्रीचा योग्य निकाल होता, आणि स्टिंगला त्या एका रात्रीत पहिल्या रांगेत आणून बसवलं ते फ्लेअरने. तुम्हाला काय वाटतं?

कोपऱ्यातला

वाखुसा (वाचनखूण साठवली). रात्री निवांत लिहितो. या सामन्यावर मराठीत धागा निघेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार.

निवडुंग

असहमत, आणि जोरदार असहमत.

त्याच दिवशी अटलांटिक सिटीत प्रतिस्पर्धी कंपनीचा रेसलमेनिया ४ होता. तिकडे १४ जणांची स्पर्धा लावून शेवटी रँडी सॅव्हेजला नवा जगज्जेता केलं. म्हणजे पैसे भरून बघणाऱ्यांना निकाल मिळाला. इकडे फुकट बघणाऱ्या लाखो नव्या प्रेक्षकांना काय मिळालं? पाऊण तास गुंतवून ठेवलं आणि शेवटी "कोणीच जिंकलं नाही". लोक स्टिंगसाठी घसा फोडत होते. पट्टा त्याच रात्री त्याच्या कमरेला हवा होता.

गारगोटी

निवडुंग, तो दिवस का निवडला हे आधी लक्षात घ्यायला हवं. जरा मागे जातो.

नोव्हेंबर १९८७ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या रात्री फ्लेअरच्या कंपनीचा मालक जिम क्रॉकेट याने शिकागोत 'स्टारकेड' ठेवला. पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे टीव्हीवर पैसे भरून बघायच्या कार्यक्रमांत, जाण्याचा त्याचा पहिलाच प्रयत्न. रेसलमेनियावाल्या विन्स मॅकमनने त्याच रात्री नवाकोरा 'सर्व्हायव्हर सिरीज' उभा केला आणि केबल कंपन्यांना बजावलं की स्टारकेड दाखवाल तर पुढचा रेसलमेनिया मिळणार नाही. बहुतेक कंपन्या मॅकमनकडे गेल्या. जानेवारी १९८८ मध्ये पुन्हा तेच. क्रॉकेटने 'बंकहाउस स्टँपीड' पे-पर-व्ह्यूवर ठेवला, तर मॅकमनने यूएसए नेटवर्कवर पहिला 'रॉयल रंबल' फुकट दाखवला.

क्लॅश हा त्या दोन्हींचा जवाब होता. तुमच्या सगळ्यात मोठ्या दिवशी आम्ही आमचा जगज्जेता फुकट दाखवतो, बघू लोक कुठे जातात. त्यात गाव निवडलं ग्रीन्सबरो, म्हणजे क्रॉकेटचा बालेकिल्ला. १९८३ मध्ये हार्ली रेसला हरवून फ्लेअरने दुसऱ्यांदा मोठा मान मिळवला तोही याच सभागृहात.

आता अशा रात्री कंपनीचा सगळ्यात भरवशाचा माणूस बाजूला करून, तीन वर्षांचाही अनुभव नसलेल्या मुलावर सगळा डोलारा उभा करायचा? निकाल ठरवणारी लेखणी डस्टी ऱ्होड्सच्या हातात होती. त्याच्या बाकी शंभर निर्णयांवर मी भांडेन, या एकावर नाही.

पेन्सिल

मी या विषयात नवीन आहे, शंका बाळबोध वाटली तर सांभाळून घ्या. निकाल ठरलेला असेल, तर "फ्लेअरने स्टिंगला मोठं केलं" म्हणजे नक्की काय केलं? लिहिणाऱ्याने मोठं केलं असं का नाही म्हणायचं?

तिसरी घंटा

@पेन्सिल, शंका अजिबात बाळबोध नाही, सगळा धागा तिच्यावरच उभा आहे.

ठरलेला असतो तो शेवट, आणि मधले काही टप्पे. बाकीची मिनिटं दोघांनी तिथल्या तिथे उभी करायची असतात. जुन्या पद्धतीत अनुभवी माणूस पकडीत असताना, तोंड झाकून, पुढचा डाव समोरच्याच्या कानात सांगतो. याला 'सामना कॉल करणं' म्हणतात. प्रेक्षक तापलेत की निवलेत हे ऐकायचं आणि त्याप्रमाणे वेग बदलायचा, हेही त्याचंच काम. हेडलॉकमध्ये दोघं पडून असतात तेव्हा नुसता दम खात नाहीत, बोलणं चालू असतं.

दुसरं म्हणजे 'सेलिंग'. समोरच्याने मारलं ते लागलं असं दाखवणं. फ्लेअर कोपऱ्यावर आपटला की उलटा होऊन दोरांपलीकडे जातो, मार बसल्यावर दोन पावलं चालून तोंडावर कोसळतो, गुडघ्यावर बसून दयेची भीक मागतो. जगज्जेताच या मुलाला एवढा घाबरतोय म्हटल्यावर प्रेक्षकही त्या मुलाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. लिहिणारा कागदावर "स्टिंग भारी पडतो" एवढंच लिहू शकतो. ते पटवायचं काम रिंगमध्येच होतं.

मेघमल्हार

तिसरी घंटा, छान समजावलंत. मला मैफलीची आठवण झाली. मुरलेला तबलजी नवख्या गायकाच्या मागे बसला की गायकाची सम चुकायला आली तरी श्रोत्याला पत्ता लागू देत नाही, आणि टाळ्या गायकाला मिळतात. फ्लेअरने पाऊण तास ती संगत केली, तीही स्वतः खलनायक असल्याचं सोंग एक क्षणही न सोडता.

निवडुंग

उपमा गोड आहे, पण तबलजी दर मैफलीत तेच तुकडे वाजवायला लागला तर?

फ्लेअरवरचा जुना आक्षेप इथे कोणीच काढत नाहीये म्हणून मी काढतो. त्याचा सामना ठरलेला असतो. कोपऱ्यातली उलटी कोलांटी, वरच्या दोरीवर चढणं आणि तिथून फेकला जाणं, ते तोंडावर पडणं, मग पाय धरून फिगर फोर हा त्याचा पेच. समोर स्टिंग असो, ल्यूगर असो की आणखी कोणी. मोठमोठ्या कुस्तीगीरांनीही हे बोलून दाखवलं आहे. मग त्या रात्रीचं विशेष श्रेय त्याला का?

रानजाई

निवडुंगभाऊ, डाव तेच असतील, पण ते कधी आणि कोणासाठी वापरले हे बघा ना.

फ्लेअरच्या छातीवरच्या चापट्या घ्या. त्या खऱ्याच बसतात, छाती लाल होते. इतरांसमोर त्या चापटीने माणूस मागे सरतो. स्टिंग त्या खातो आणि उलट छाती पुढे काढतो, गर्जना करतो, आणि फ्लेअरचा चेहरा पडतो. नव्या पोराचं सगळं भांडवल म्हणजे ताकद, उत्साह, रंगवलेलं तोंड. फ्लेअरने नेमकं तेवढंच वापरलं. ज्यात स्टिंग कच्चा होता, म्हणजे लांबलचक तांत्रिक पकडी आणि शांतपणे गोष्ट पुढे नेणं, ते स्वतःकडे घेतलं. पाऊण तासात स्टिंग एकदाही उघडा पडत नाही. तीन वर्षांच्या आतल्या माणसासाठी हे केवढं मोठं संरक्षण आहे!

माझ्या धाकट्या भावाला यातलं काही आवडत नाही. मी बघत होते तेव्हा तो मोबाइल घेऊन शेजारी बसला होता. शेवटची मिनिटं सुरू झाली, निवेदक वेळ सांगायला लागला आणि हा उठून पडद्याजवळ जाऊन उभा. "अरे, हा सोडणार का पट्टा?" त्याला स्टिंग कोण हेही माहीत नव्हतं.

कोपऱ्यातला

रानजाई, भावाला आता गळाला लावलाच आहात तर सोडू नका. :)

मला या पठडीतला आणखी एक सामना इथे हवाच. ब्रेट हार्ट विरुद्ध १-२-३ किड, मॅकमनच्या 'रॉ' या टीव्ही कार्यक्रमात, जुलै १९९४. किड जेमतेम बावीस वर्षांचा, अंगाने काटकुळा. वर्षभरापूर्वी रेझर रॅमनला अनपेक्षित हरवून नाव झालेलं. ब्रेट जगज्जेता. एका क्षणी ब्रेट त्याला पाडून तीन मोजणी घेतो, पंच निकाल देतो, पण किडचा पाय दोरीवर होता. आणि ब्रेट स्वतःच पंचाला सांगतो, सामना पुढे चालू करा. तिथून किडच्या प्रत्येक हल्ल्यात जीव येतो, कारण जगज्जेत्यानेच त्याला बरोबरीचा मानलंय. शेवटी किड हरतो. हरूनही मोठा होतो.

म्हणजे निवडुंग, नवख्याने जिंकलंच पाहिजे असं नाही.

मुक्काम पोस्ट

जपानला विसरलात मंडळी. ८ जून १९९०, निप्पॉन बुडोकान, जम्बो त्सुरुता विरुद्ध मित्सुहारु मिसावा. तेनर्यू हा बडा कुस्तीगीर ऑल जपान ही कंपनी सोडून गेला होता, तिला खिंडार पडलं होतं. मिसावाने महिन्याभरापूर्वीच टायगर मास्कचा मुखवटा रिंगमध्ये उतरवला होता. आणि जम्बो, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये खेळलेला डोंगराएवढा माणूस, त्याच्याकडून स्वच्छ हरला. सरळ तीन मोजणी. बुडोकानमधला तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो.

तिथे बरोबरी ठेवली असती तर? मिसावा दुसऱ्या दिवशी "जम्बोला टक्कर देणारा" एवढाच राहिला असता. इथे मी निवडुंगच्या बाजूने.

गारगोटी

मुक्काम पोस्ट, सामना अप्रतिमच, पण तुलना जुळत नाही. मिसावा १९८१ पासून रिंगमध्ये होता. मुखवट्याआड का होईना, नऊ वर्षं मुरलेला. तो नवा होता तो फक्त त्या जागेवर. त्याच्या हातात कंपनी दिली तर तो चालवू शकेल हे आतल्यांना माहीत होतं. स्टिंगबद्दल १९८८ मध्ये असं छातीठोकपणे कोणीच म्हणू शकलं नसतं. त्याच्याबरोबर सुरुवात केलेला जोडीदार, पुढचा अल्टिमेट वॉरियर, त्याचं उदाहरण बघा. लोकप्रियता अफाट, पण मोठ्या पट्ट्याचा काळ टिकला नाही.

रानजाई

नवखा हरूनही मोठा होतो याची माझ्याकडून दोन उदाहरणं. २००२ च्या जूनमध्ये मॅकमनच्याच 'स्मॅकडाउन' कार्यक्रमात जॉन सीना पहिल्यांदा कर्ट अँगलसमोर आला. अँगल म्हणजे अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, त्याने खुलं आव्हान दिलेलं. सीना हरला, पण अँगलने त्याला इतक्या वेळा जिंकण्याच्या उंबरठ्यावर नेलं की हा पोरगा लक्षात राहिलाच. आणि लगेच जुलैत रॉवर अंडरटेकर विरुद्ध जेफ हार्डीचा शिडीचा सामना. जेफ हरला, तरी पुन्हा पुन्हा उठून आव्हान देत राहिला. अंडरटेकर जाता जाता परत फिरला आणि त्याने जेफचा हात वर केला. मी तेव्हा रडले होते, आणि आजही तो भाग लागला की डोळे भरतात.

निवडुंग

सगळी उदाहरणं सुंदर आहेत. पण मंडळी, त्या सगळ्यांत निकाल आहे! ब्रेट जिंकला, अँगल जिंकला, अंडरटेकर जिंकला, मिसावा जिंकला. मला हरण्याचं दुःख नाहीच. स्टिंग स्वच्छ हरला असता तरी चाललं असतं. माझा राग पंचांवर आहे.

रिंगशेजारी बसवलेले पंच कोण होते बघा. पाच जणांत टीव्ही मालिकांमधले दोन अभिनेते, केन ऑस्मंड आणि जेसन हर्व्ही. एक मॉडेल, पॅटी मलन. कुस्तीशी संबंधित दोघेच, सँडी स्कॉट आणि गॅरी जस्टर. आणि पाचांतून मतं जाहीर केली तिघांची! उरलेल्या दोघांनी काय केलं? दोन खेळाडूंनी घाम गाळून जो खरेपणा उभा केला, तो त्या घोषणेने दोन मिनिटांत घालवला. मुदत संपली, बरोबरी झाली, संपवा तिथेच. पंच आणलेच होते तर निकाल द्या.

तिसरी घंटा

पंचांबाबत शंभर टक्के सहमत. तो भाग मीही पुढे ढकलतो.

पेन्सिल

अवांतर: फोटोत रिंगच्या वर पिंजऱ्यात टांगलेला सुटाबुटातला माणूस कोण? त्याला तिथून दिसायला तर छान मिळालं असेल.

कोपऱ्यातला

तो जे. जे. डिलन, फ्लेअरच्या 'फोर हॉर्समेन' टोळीचा व्यवस्थापक. मध्ये पडून लबाडी करू नये म्हणून वर टांगला होता. त्या इमारतीतली सर्वांत उत्तम जागा, आणि तिकीटही लागलं नाही!

गारगोटी

निवडुंगच्या मूळ मुद्द्यावर येतो, कारण बरोबरीला या धंद्यात मोठी परंपरा आहे.

एनडब्ल्यूए ही एक कंपनी नव्हती, प्रादेशिक प्रवर्तकांचा संघ होता. प्रत्येकाचा आपला इलाखा, आपले कुस्तीगीर, आपला स्थानिक नायक. जगज्जेता मात्र सगळ्यांचा मिळून एकच, आणि तो वर्षभर या इलाख्यातून त्या इलाख्यात फिरायचा. लू थेज, डोरी फंक ज्युनियर, जॅक ब्रिस्को, हार्ली रेस आणि मग फ्लेअर, ही ती परंपरा. जगज्जेत्याचं काम काय? गावात यायचं, तिथल्या नायकाला आपल्या तोडीचा दाखवायचं, पट्टा घेऊन पुढच्या गावी निघायचं. मुदत संपेपर्यंत बरोबरी, धंद्यातल्या लोकांच्या बोलीत 'ब्रॉडवे', हे त्याचं हुकमी हत्यार. जगज्जेता गेल्यावर गाव म्हणायचं, अजून पाच मिनिटं मिळाली असती तर आपल्या माणसाने घेतला असता पट्टा. पुढच्या खेपेला तिकिटं आपोआप खपायची.

फ्लेअरने हे वर्षानुवर्षं, कधी तासतासभर, वेगवेगळ्या गावांत केलं होतं. ग्रीन्सबरोला त्याने तीच विद्या पहिल्यांदा देशभरच्या टीव्हीवर, इतक्या मोठ्या रात्री, एका नव्या मुलासाठी खर्च केली. मला तो सामना त्या सगळ्या परंपरेचा कळस वाटतो.

निवडुंग

गारगोटी, प्रतिसाद फार आवडला. पण तुमच्याच मांडणीत माझा मुद्दा आहे. ब्रॉडवे चालायचा कारण शेजारच्या गावाने तो पाहिलेला नसायचा, आणि जगज्जेता परत येईपर्यंत उत्सुकता टिकायची. टीव्हीवर सगळ्या देशाने एकाच वेळी पाहिलं. उत्सुकता सगळीकडे एकदम पेटली, मग तिचं उत्तरही लवकर द्यायला हवं होतं. दिलं का? उन्हाळ्यात बाल्टिमोरला फ्लेअरसमोर ल्यूगरला उभं केलं आणि तिथेही रक्त आलं म्हणून सामना थांबवून पट्टा वाचवला. त्याच वर्षाच्या शेवटी क्रॉकेटला कंपनी टीबीएसवाल्या टर्नरला विकावी लागली. सामना चांगला होता म्हणून निर्णय चांगला ठरत नाही.

मेघमल्हार

क्रॉकेटची कंपनी विकली गेली ती खर्चाचा ताळमेळ सुटला म्हणून, एका बरोबरीमुळे नव्हे. पण "पुढे काय केलं" हा प्रश्न रास्त आहे.

पेन्सिल

काल रात्री पूर्ण बघितला. मधे उठले नाही.

मला डावांची नावं कळत नाहीत, त्यामुळे जे दिसलं ते लिहिते. सुरुवातीला फ्लेअरच्या चालण्यात गुर्मी आहे, केस सावरतो, "वूऽऽ" करतो. मग हळूहळू तो दोरांमधून बाहेर पळायला लागतो, वेळ काढायला लागतो. नंतर पाय धरून मोडायला लागतो तेव्हा खरंच दुष्ट वाटतो. आणि शेवटच्या मिनिटात स्टिंग तो विंचवासारखा पेच टाकतो, फ्लेअर डोकं हलवत "नाही नाही" म्हणतोय, आणि घंटा. मी चक्क ओरडले.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. घंटा झाल्यावर माझ्या मनात "फसवलं" असं आलं नाही. "हा पुढच्या वेळी घेणार" असं आलं. पंचांचं ऐकताना मात्र कंटाळा आला, निवडुंग म्हणतात ते खरं.

तिसरी घंटा

पेन्सिल, याच प्रतिसादासाठी धागा काढला होता. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या मनात "पुढच्या वेळी" आलं, म्हणजे बरोबरीने आपलं काम केलं.

निवडुंगच्या "उत्तर कधी दिलं" याला उत्तर: ७ जुलै १९९०, बाल्टिमोर, ग्रेट अमेरिकन बॅश. फ्लेअर फिगर फोर लावायला गेला, स्टिंगने तिथेच गुंडाळला आणि पट्टा घेतला. खरं तर त्याच फेब्रुवारीत घ्यायचा होता, पण टेक्ससमधल्या क्लॅशला पिंजऱ्याकडे धावताना गुडघा गेला. दोन वर्षं फार लांबली, हे मान्य. पण १९९० चा स्टिंग पट्टा पेलायला तयार होता. १९८८ चा नव्हता.

मुक्काम पोस्ट

आणि त्यानंतर ही जोडी सुटलीच नाही. ४ सप्टेंबर १९९५ ला टर्नरच्या कंपनीच्या 'नायट्रो' या टीव्ही कार्यक्रमाचा पहिला भाग झाला, त्यात फ्लेअर-स्टिंग. २६ मार्च २००१ ला फ्लोरिडात पनामा सिटी बीचवर शेवटचा नायट्रो, कंपनी मॅकमनने विकत घेतलेली, आणि शेवटचा सामना पुन्हा फ्लेअर-स्टिंग. या वेळी डेथलॉकमध्ये फ्लेअरने हार मानली. मग दोघांनी मिठी मारली.

३ मार्च २०२४ ला स्टिंगने शेवटचा सामना खेळला तोही ग्रीन्सबरो कलिझियममध्येच. जोडीला डार्बी ॲलिन, समोर यंग बक्स. आता स्टिंग स्वतः ज्येष्ठ, आणि त्याच्या बाजूने उभा राहायला फ्लेअर हजर. या वेळी स्टिंग जिंकून निवृत्त झाला.

रानजाई

ॲलिनबरोबरच्या त्या वर्षांत स्टिंग जे करत होता, तेच फ्लेअरने त्याच्यासाठी केलं होतं. पोराला पुढे ठेवायचं आणि स्वतः साठीत उंचावरून टेबलांवर कोसळायचं!

निवडुंग

चर्चा मस्त झाली. माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही. स्टिंगने पट्टा घेऊ नये हे पटलं, गारगोटींच्या परंपरेमुळे आणि पेन्सिलच्या "पुढच्या वेळी"मुळे. पण दोन वर्षं वाट बघायला लावणं आणि ते पंच, या दोन गोष्टी मी कधीच माफ करणार नाही.

विशेष म्हणजे पंच नीट वापरता येतात हे त्याच कंपनीने पुढच्या वर्षी दाखवलं. मे १९८९, नॅशव्हिल, फ्लेअर विरुद्ध रिकी स्टीमबोट. पंच लू थेज, पॅट ओकॉनर आणि टेरी फंक, तिघेही माजी एनडब्ल्यूए जगज्जेते. त्यांचा कौल लागलाच नाही, फ्लेअर स्वच्छ जिंकला. आणि सामना संपल्यावर फंकने फ्लेअरला आव्हान दिलं, फ्लेअरने टाळलं, तसा फंक त्याच्यावर तुटून पडला. पंच बसवल्याचा उपयोग पुढच्या कित्येक महिन्यांच्या भांडणाला झाला. तिसरी घंटा, त्या स्टीमबोट मालिकेवर वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने भांडेन.

तिसरी घंटा

काढतो. शिकागोपासून सुरू करू, तिन्ही सामने क्रमाने. गारगोटी, तुम्ही तयारीत राहा.